मळीचा रंग आणि नदीचे पाणी : प्रस्तावना

पाण्याला रंग दोन वाटांनी येतो. एक रंग पाण्यात तरंगणाऱ्या कणांचा असतो, दुसरा पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांचा. पहिल्याला भासमान रंग म्हणतात, दुसऱ्याला खरा रंग. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, नाणेघाटाच्या माथ्यालगत आणि जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या घाटघरात हे दोन्ही नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. आषाढात ओढे तांबडे होतात. ते पाणी हंड्यात भरून तुरटी फिरवली की माती तळाशी बसते आणि वर नितळ पाणी राहते. याच रानातला हिरडा रात्रभर भिजत घातला तर पाणी पिवळट तपकिरी होते. ते पाणी दोन दिवस स्थिर ठेवले, चार पदरी फडक्यातून गाळले, तरी रंग जसाच्या तसा राहतो. हिरड्यातले टॅनिन तिथे कणरूपाने नसते. ते रेणूरूपाने पाण्यात मिसळलेले असते. कारखान्याच्या सांडपाण्याचा रंग काढण्याची सगळी अडचण या दुसऱ्या प्रकारापाशी आहे.

हिरड्याच्या पाण्यात लोखंडाचा खिळा पडला तर ते निळसर काळे होते. टॅनिन आणि लोह यांच्या संयोगातून पूर्वी शाई आणि कापडाचा काळा रंग तयार होत असे. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी कुटुंबांना हिरडा गोळा करून हंगामी उत्पन्न मिळते, त्यामुळे या रंगाशी त्यांच्या हातांची चांगलीच ओळख असते. सांडपाणी शुद्ध करणाऱ्यालाही ही ओळख उपयोगी पडते. टॅनिनयुक्त पाण्यात बेताचे प्रमाण न पाहता फेरिक क्लोराइड ओतले, तर रंग जाण्याऐवजी पाणी शाईसारखे होते, आणि मग औषध खराब निघाले असा गैरसमज होतो.

ज्या पिकांपासून पेये तयार होतात ती बहुतेक सगळी रंगाच्या बाबतीत श्रीमंत असतात. चहाचा रंग पानातल्या पॉलिफेनॉलचे ऑक्सिडीकरण होऊन तयार झालेल्या थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन या द्रव्यांचा. भाजलेल्या कॉफीचा रंग मुख्यतः मेलॅनॉइडिनचा. काळ्या द्राक्षाचा रंग सालीतल्या अँथोसायनिनचा. पेयात हाच रंग गुण ठरतो. कप तांबूस हवा, वाईन गडद हवी. प्रक्रियेतून उरलेल्या पाण्यात तोच दोष होतो. महाराष्ट्रात चहा-कॉफीची लागवड नावापुरती आहे. इथे या विषयाचा विचार द्राक्ष आणि ऊस या दोन पिकांच्या अंगाने करावा लागतो, आणि त्यातही भार उसावर द्यावा लागतो.

द्राक्षाचे आधी सांगून टाकावे. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला 1980 च्या दशकात शाम चौगुले यांनी शॅटो इंडाज ही वायनरी उभी केली, आणि तिथली ओमर खय्याम ही फेसाळ वाईन परदेशांत गेली. पुढे राज्याने 2001 मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणले आणि वायनऱ्यांचे केंद्र नाशिककडे सरकले. वायनरीचे सांडपाणी म्हणजे मुख्यतः टाक्या, पिंपे, दाबयंत्रे आणि फरशा धुतल्याचे पाणी. ते वर्षभर सारखे येत नाही. जानेवारी ते मार्चच्या तोडणीत एकदम वाढते. त्यातल्या अँथोसायनिनची खोड अशी की ते सामूप्रमाणे रंग बदलते. आम्लात लाल, उदासीन पाण्यात जांभळट, अल्कलीत निळसर हिरवे. पाण्यात चुना टाकल्याबरोबर लाली जाते आणि रंग काढल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात द्रव्य तेच असते, त्याने फक्त रूप बदललेले असते. सुदैवाने अँथोसायनिन तसे नाजूक आहे. हवा, ऊन आणि जिवाणू मिळून त्याचा बऱ्यापैकी निकाल लावतात.

मळीचा रंग असा निकालात निघत नाही. उसाला पेयपीक म्हणावे की नाही यावर वाद होऊ शकेल, पण मळीपासून निघणारा मद्यार्क आधी देशी-विदेशी दारूत आणि अलीकडे मोठ्या प्रमाणात पेट्रोलमध्ये जातो, आणि सांडपाण्याच्या रंगाचा राज्यातला सर्वांत मोठा प्रश्न याच वाटेवर उभा राहिला आहे. जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागात ऊस आला तो पाटपाण्याबरोबर. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पाने जिरायत रान बागायत केले. जुन्नर तालुक्यात विघ्नहर आणि आंबेगाव तालुक्यात पारगावला भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. घाटघरच्या परिसरात पडलेला पाऊस कुकडीत उतरतो, माणिकडोह आणि येडगावमार्गे उसाच्या शिवारातून जातो, पुढे कुकडी घोडला, घोड भीमेला मिळते आणि पाणी उजनी धरणात पोहोचते. एकच पाणी वाटेत कितीदा वापरले जाते हे ध्यानात घेतले, म्हणजे त्यात मिसळणाऱ्या रंगाचे महत्त्व कळते.

मळीत रंग येतो कुठून? थोडा उसातच असतो: सालीतली आणि वाढ्यातली पॉलिफेनॉल द्रव्ये. चरकाच्या लोखंडाशी गाठ पडली की ती हिरड्याच्याच न्यायाने गडद होतात. रस साफ करताना चुना आणि उष्णता दिली जाते. अल्कलीत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज फुटतात आणि तपकिरी द्रव्ये बनतात. साखर तापून कॅरॅमल होते ते वेगळेच. आणि सर्वांत चिवट वाटा असतो साखर व अमिनो आम्ले यांच्या संयोगाचा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार याने 1912 मध्ये ही विक्रिया वर्णन केली. भाकरीचा खरपूसपणा, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, कॉफीचा रंग ही तिचीच देणगी. तिच्या शेवटी जे मोठाले, गुंतागुंतीचे, नायट्रोजनयुक्त रेणू तयार होतात ते मेलॅनॉइडिन.

साखर कारखान्याचे सगळे कसब हा रंग दाण्यातून बाहेर ठेवण्यात असते. स्फटिक बनताना साखरेचे रेणू एकमेकांशी जुळतात आणि परके रेणू बाहेर ढकलले जातात. पाकाचा दाणा पाडायचा, मळी वेगळी काढायची, तीच पुन्हा उकळायची, असे तीन वेळा होते. प्रत्येक फेरीत उष्णता वाढते, रंग वाढतो आणि तो सगळा उरलेल्या मळीत जमा होतो. पोत्यातली पांढरी साखर आणि टाकीतली काळी मळी ही एकाच हिशेबाची दोन पाने आहेत. एका टन उसामागे साधारण 40 ते 45 किलो मळी निघते. आसवनीत ती पाण्याने पातळ करतात, यीस्ट तिच्यातली साखर खाते, ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यात मद्यार्क वर उडून जातो आणि तळाशी उरतो तो स्पेंटवॉश. यीस्टला मेलॅनॉइडिन पचत नाही आणि ते उडूनही जात नाही. म्हणजे उसाच्या कांडीपासून सुरू झालेला रंग गाळत गाळत इथे येऊन साचतो. बाकी सगळ्याला गिऱ्हाईक असते, याला नसते.

स्पेंटवॉशचे आकडे कोणत्याही गावच्या गटारापेक्षा फार वेगळ्या मापाचे आहेत. जुन्या पद्धतीच्या आसवनीत एक लिटर मद्यार्कामागे 12 ते 15 लिटर स्पेंटवॉश निघे. आधुनिक अखंड पद्धतीत तो 8 लिटरच्या आसपास आला आहे. तो मनोऱ्यातून वाफाळता बाहेर पडतो. त्याचा सामू 4 च्या जवळपास असतो, जैविक ऑक्सिजन मागणी लिटरला 40,000 ते 60,000 मिलिग्रॅम आणि रासायनिक ऑक्सिजन मागणी त्याच्या सुमारे दुप्पट. घरगुती मैलापाण्याची जैविक मागणी तीनशेच्या आत-बाहेर असते. रोज 60,000 लिटर मद्यार्क काढणारी आसवनी आठाच्या हिशेबाने रोज 4,80,000 लिटर स्पेंटवॉश सोडते. त्यात मेलॅनॉइडिनचा वाटा वजनाने सुमारे दोन टक्के. रंगाची सगळी अडचण या दोन टक्क्यांची आहे.

पहिला उपचार ठरलेला आहे: हवाबंद टाकीत जिवाणूंकडून कुजवणे आणि बायोगॅस मिळवणे. हा उपाय चांगलाच आहे. जैविक मागणी 80 ते 90 टक्क्यांनी उतरते आणि बॉयलरला इंधन मिळते. पण रंग हटत नाही, उलट बाहेर पडणारे पाणी अनेकदा आधीपेक्षा गडद दिसते. कारण आम्लधर्मी पाणी टाकीतून किंचित अल्कधर्मी होऊन निघते, आणि मेलॅनॉइडिनचा रंग अल्कलीत खुलतो. शिवाय जिवाणूंनी खाण्याजोगे तेवढे खाल्ले, आता जे उरले ते खाण्याजोगे नव्हतेच. त्यामुळे पुढच्या वायुवीजनाच्या टाक्यांत कितीही हवा सोडली तरी पाण्याचा चहा तो चहाच राहतो.

इथेच मोजमापाचा आणि कायद्याचा प्रश्न येतो. पाण्याच्या रंगाची प्रचलित मोजपट्टी ॲलन हेझन याने 1892 मध्ये सुचवली. प्लॅटिनम आणि कोबाल्ट यांच्या पिवळट द्रावणाशी तुलना करायची. लिटरमध्ये एक मिलिग्रॅम प्लॅटिनम म्हणजे एक एकक. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 : 2012 या मानकात स्वीकार्य मर्यादा 5 आणि दुसरा स्रोतच नसेल तर 15 हेझन एकके आहे. ही पट्टी पिवळ्या-तपकिरी रंगासाठी केलेली असल्याने मळीच्या पाण्याला लागू पडते. वायनरीच्या लाल पाण्याला ती फसवी ठरते. तिथे वर्णपटमापकावर वेगवेगळ्या तरंगलांबींना प्रकाश किती शोषला जातो ते पाहावे लागते. मेलॅनॉइडिनसाठी बहुधा 475 नॅनोमीटर वापरतात. मोजण्याआधी नमुना बारीक गाळला नाही, तर भासमान रंग खऱ्यात मिसळतो. सामू नोंदवला नाही, तर दोन दिवसांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. रंग अमुक टक्के गेला असे सांगणाऱ्या पुष्कळ जाहिराती या दोन गोष्टींबद्दल गप्प असतात.

आता साधा हिशेब. समजा प्रक्रिया केलेल्या स्पेंटवॉशचा रंग 50,000 एकके आहे. तो नुसत्या पाण्याने पातळ करून 15 एककांवर आणायचा तर एका लिटरला तीन हजारांहून जास्त लिटर रंगहीन पाणी लागेल. उन्हाळ्यात आवर्तन बंद असताना कोरड्या पडणाऱ्या नद्यांच्या प्रदेशात हा मार्ग बोलण्यापुरताही उरत नाही.

कायदा मात्र रंगाच्या बाबतीत मवाळ राहिला. पर्यावरण संरक्षण नियम, 1986 अन्वये आंबवण-उद्योगाच्या सांडपाण्याला जैविक मागणीची मर्यादा आकड्यात दिली आहे: नदीनाल्यात सोडायचे तर लिटरला 30 मिलिग्रॅम, जमिनीवर द्यायचे तर 100. रंगासाठी आकडा नाही; शक्य तितका काढण्याचे सर्व प्रयत्न करावेत, एवढेच म्हटले आहे. वस्त्रोद्योगाला 2016 मध्ये रंगाची 150 एककांची स्पष्ट मर्यादा घातली गेली, आसवन्यांना तशी घातली गेली नाही. यातली मेख अशी की जैविक मागणी म्हणजे तीन दिवसांत जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचे माप. मेलॅनॉइडिनला जिवाणू शिवतच नाहीत, म्हणून ते या मापात जवळपास दिसत नाही. एकीकडे साखरेचा रंग साखर-विश्लेषणाच्या इकुम्सा पद्धतीने 420 नॅनोमीटरवर मोजून तिची प्रत ठरवली जाते. त्याच उसाच्या पाण्याच्या रंगाला मात्र आकडा नाही. ही विसंगती रसायनशास्त्राने निर्माण केलेली नाही.

रंगाने नुसती नजर बिघडत नाही. गडद पाण्यात उजेड शिरत नाही, शेवाळ आणि पाणवनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण मंदावते, विरघळलेला ऑक्सिजन घटतो आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. जमिनीवर सोडलेला स्पेंटवॉश झिरपून विहिरी तपकिरी करतो. त्यातले क्षार जमीन चोपण करतात, आणि जास्त तीव्रतेला बी रुजणे थांबते. मातीतल्या मँगॅनिजची उपलब्धता मेलॅनॉइडिनमुळे घटते असेही आढळले आहे.

रंग काढण्याच्या पद्धतींची जात समजून घ्यायला गुऱ्हाळाइतकी सोयीची जागा नाही. कढईत रस तापताना गुळव्या रानभेंडीच्या खोडाचा बुळबुळीत रस सोडतो. तो कचरा आणि रंगद्रव्ये पकडून वर आणतो आणि तो मळ झाऱ्याने काढून टाकला जातो. काही जण भेंडीऐवजी हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, टाकतात. गूळ लगेच पिवळाधमक होतो, पण साठवणीत हवा लागली की पुन्हा काळवंडतो. भेंडीने रंग कढईबाहेर काढला. हायड्रोसने तो कढईतच झाकला. सांडपाण्यावरची प्रत्येक पद्धत या दोहोंपैकी एका बाजूला पडते, किंवा तिसऱ्या बाजूला: रेणू खरोखर मोडणे.

किलाटन हे भेंडीचे काम. तुरटी, फेरिक क्लोराइड किंवा पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड यांचे धनभारित आयन ऋणभारित मेलॅनॉइडिनला निष्प्रभ करतात आणि गाळ बसतो. सामू 5 च्या आसपास ठेवला तर हे चांगले होते. किती औषध लागेल ते पुस्तकात पाहून ठरत नाही. सहा चंचुपात्रांत वेगवेगळी मात्रा घालून चाचणी घ्यावीच लागते. रंग लक्षणीय उतरतो, पण गाळाचे ढीग होतात, आणि ॲल्युमिनियम-लोहाने भरलेला ओला गाळ शेतात टाकायच्या लायकीचा नसतो.

पृष्ठशोषणासाठी कोळसा वापरतात. साखरेचा पाक रंगहीन करण्यासाठी हाडांचा कोळसा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे. सांडपाण्यासाठी नारळाच्या करवंटीचा किंवा बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, कोळसा घेतात. मात्र करवंटीच्या कोळशाची छिद्रे बहुतांशी दोन नॅनोमीटरहून लहान, आणि मेलॅनॉइडिनचे मोठे रेणू त्यांत शिरतच नाहीत. आयोडीन अंक, म्हणजे बारीक छिद्रांचे माप, भरपूर असलेला महागडा कोळसा म्हणूनच इथे अपेक्षाभंग करतो; मध्यम छिद्रांचा कोळसा हवा. तरीही भरलेला कोळसा पुन्हा भट्टीत तापवून मोकळा करण्याचा खर्च उरतोच.

ऑक्सिडीकरणात ओझोन किंवा फेंटन विक्रिया वापरली जाते. हेन्री फेंटन याने 1894 मध्ये लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या जोडीचे सामर्थ्य दाखवले. ती सामू 3 च्या सुमारास सर्वांत प्रभावी असते. रेणूतल्या दुहेरी बंधांच्या साखळीमुळे रंग दिसतो. ओझोन ती साखळी तोडतो आणि रंग झपाट्याने फिका पडतो, पण तुकडे पाण्यातच असतात. रंग बराच गेला तरी रासायनिक मागणी त्या मानाने थोडीच उतरते. ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट हा त्याहून स्वस्त आणि त्याहून वाईट मार्ग. पाणी पांढुरके दिसते, पण क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्ये तयार होतात, आणि ती मूळ मेलॅनॉइडिनपेक्षा घातक असू शकतात. तपासणीच्या आदल्या दिवशीचा उपाय एवढीच त्याची योग्यता.

बुरशीचा मार्ग प्रयोगशाळेत फार आवडता आहे. लाकूड कुजवणाऱ्या पांढऱ्या कुजीच्या बुरशा, उदाहरणार्थ फॅनेरोकिटी क्रायसोस्पोरियम आणि कोरिओलस व्हर्सिकलर, लॅकेज व पेरॉक्सिडेज या विकरांनी मेलॅनॉइडिन फोडतात. शंकूपात्रात निकाल उत्तम येतात. पण तिथे स्पेंटवॉश बराच पातळ केलेला असतो आणि बुरशीला वरून ग्लुकोज द्यावे लागते. रोज लाखो लिटर पाण्यासाठी साखर विकत घेऊन घालणे साखर कारखान्याला परवडणारे नाही. उरली पटलातून गाळण्याची पद्धत. तीत पटलाच्या पलीकडे नितळ पाणी मिळते, अलीकडे दुप्पट-तिप्पट काळे पाणी उरते.

म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांच्या पर्यावरणीय जबाबदारीच्या 2003 च्या सनदेत प्रश्नाची मांडणीच बदलली. रंग काढून पाणी नदीत सोडायचे नाही, तर ते नदीत सोडायचेच नाही. 2005 अखेर आसवन्यांनी शून्य विसर्गावर यावे. मग दोन वाटा रूढ झाल्या. एक, साखर कारखान्याच्या प्रेसमडवर, म्हणजे रस साफ करताना निघणाऱ्या गाळावर, स्पेंटवॉश फवारून कंपोस्ट करणे. ढिगातल्या उष्णतेने पाणी उडते, रंगद्रव्य खतात जाते, आणि मातीच्या ह्यूमसशी त्याचे नाते जवळचे असल्याने ते तिथे शोभतेही. पावसात मात्र यार्डातून काळे ओघळ वाहतात, म्हणून अशा आसवन्यांना वर्षाला 270 दिवसच चालण्याची मुभा असते. दुसरी वाट जाळण्याची. बहुपरिणामी बाष्पकात स्पेंटवॉश 55 ते 60 ब्रिक्सपर्यंत आटवायचा आणि बगॅस किंवा कोळशाच्या जोडीने खास बॉयलरमध्ये जाळायचा. इथे मेलॅनॉइडिन खरोखर संपते आणि राखेत पालाश उरते. देशाला पालाश बाहेरून आणावे लागते, त्यामुळे या राखेपासूनच्या खताला 2021 मध्ये अनुदानाच्या योजनेत स्थान मिळाले. बॉयलर महाग आहे आणि नळ्यांवर राख चिकटते, तरी मोठ्या आसवन्यांचा कल इकडे आहे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या, 1975 पासून चालत आलेल्या संस्थेत शिकणाऱ्या आसवनी-तंत्रज्ञाला आज रंगाचे रसायनशास्त्र आणि बॉयलरची अभियांत्रिकी दोन्ही यावे लागते.

पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याच्या इथेनॉल धोरणाने रंगाला उगमापाशीच थोडा लगाम बसला आहे. शेवटच्या मळीऐवजी उसाचा रस, पाक किंवा आधीच्या फेरीतली बी-हेवी मळी वापरली, की उकळण्याच्या फेऱ्या कमी होतात आणि स्पेंटवॉशही फिकट व हलका निघतो. पण आसवन्यांची क्षमता त्याच काळात वाढल्याने एकूण पाणी कमी झालेले नाही.

एखादी रंगनिरसन योजना पाहताना तीन गोष्टी लेखी मागाव्यात: रंग कोणत्या सामूला आणि कोणत्या तरंगलांबीवर मोजला, काढलेला रंग गाळ, कोळसा, सांद्र द्राव की राख यांपैकी कशात गेला, आणि तो ऐवज पावसाळ्यात कुठे ठेवला जातो. नुसत्या नितळ पाण्याच्या बाटलीवर भरवसा ठेवू नये. बाष्पकातून निघणारे थंड केलेले वाफेचे पाणी दिसायला पूर्ण रंगहीन असते, पण त्यात उडून आलेली सेंद्रिय आम्ले असतात, सामू आम्लधर्मी असतो, आणि वेगळी प्रक्रिया केल्याशिवाय ते आंबवणाच्या टाकीतसुद्धा परत वापरता येत नाही.